धम्मग्रंथांचे भांडार

भगवान बुद्धांच्या अखेरच्या प्रवासाचा वृत्तांत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात, भोगनगर येथील आनंद चैत्यापाशी झालेला एक उपदेश आहे, आणि परंपरेने त्यास चार महापदेश असे नाव दिले आहे. कोणी येऊन म्हणेल की हे वचन मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले; कोणी म्हणेल की अमुक विहारातील संघाकडून ऐकले; कोणी अनेक बहुश्रुत स्थविरांचा हवाला देईल, तर कोणी एकाच स्थविराचा. या चारही प्रसंगी ऐकणाऱ्याने त्या वचनाचा तत्काळ स्वीकार करू नये आणि अव्हेरही करू नये. त्यातील पदे नि अक्षरे नीट ध्यानात घ्यावीत, सुत्ताशी आणि विनयाशी ती ताडून पाहावीत, आणि मेळ बसला तरच ते वचन भगवंतांचे म्हणून मान्य करावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

आपल्या पश्चात आपल्याच नावावर चालवल्या जाणाऱ्या वचनांची छाननी करण्याचे काम धर्मसंस्थापकाने एखाद्या पीठाकडे वा पट्टशिष्याकडे न सोपवता ऐकणाऱ्याकडेच सोपवावे, ही घटना मला धर्मेतिहासात असामान्य वाटते. मूळ उपदेश भिक्षूंना उद्देशून आहे, हे खरे. परंतु ज्या कारणासाठी तो केला गेला, ते कारण आज गृहस्थालाही तितकेच लागू आहे. किंबहुना अधिक लागू आहे, कारण बुद्धांच्या नावावर खपणाऱ्या सुभाषितांचा जो पूर आज घरोघरच्या मोबाइलवर लोटतो आहे, त्याची रुजुवात घेण्याचे साधन बहुतेकांपाशी नाही. अधिकार दिला आणि साधन दिले नाही, तर तो अधिकार कागदावरच राहतो. म्हणूनच तिपिटकाचा संग्रह कोणत्या भांडारात ठेवावा, त्यात शोध कसा घ्यावा, आणि ज्या विहाराच्या जमाखर्चात महिन्याकाठी वीजबिलाचीही ओढाताण होते त्याला ते भांडार परवडेल काय, हा वरवर केवळ तांत्रिक आणि आर्थिक दिसणारा प्रश्न मी धर्मविचाराचा प्रश्न मानतो, आणि त्याचा विचार त्याच अंगाने करू इच्छितो.

आरंभी ही रुजुवात स्मरणाच्या बळावर होत असे. दीघनिकाय मुखोद्गत करणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय मुखोद्गत करणारे मज्झिमभाणक, असे भाणकांचे वर्ग होते, आणि एकाच्या पाठात शिरलेली चूक सहपठनाच्या वेळी इतरांच्या कानाला खटकावी, अशी ती योजना होती. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी प्रश्न विचारावेत, उपालींनी विनयाची आणि आनंदांनी धम्माची उत्तरे द्यावीत, असा जो शिरस्ता परंपरा सांगते, तो १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला भरलेल्या सहाव्या संगीतीतही पाळला गेला. तेथे पृच्छकाच्या आसनावर महासी सयाडॉ होते, आणि उत्तर देण्यास संपूर्ण तिपिटक कंठस्थ असलेले मिंगुन सयाडॉ. विचारणे आणि त्याचे नेमके स्थळ सांगितले जाणे, ही शोधाची क्रिया संगीतीच्या विधीतच अनुस्यूत आहे. संगणकाने ती नव्याने आणली, असे समजण्याचे कारण नाही.

स्मरणाचा भरवसा पुरेनासा झाला तेव्हा लेखन आले. श्रीलंकेत वट्टगामणी अभय राजाच्या काळी, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात, दुष्काळ आणि युद्ध यांनी भाणकांची संख्या घटली, आणि परंपरेनुसार आलुविहार येथे तिपिटक ताडपत्रांवर उतरले. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशाच्या मिंडॉन राजाने मंडाले येथील कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात ७२९ संगमरवरी शिलांवर तो सारा संग्रह कोरवून घेतला. हे काम १८६८ मध्ये पुरे झाले. अनित्यतेचा उपदेश सांगणाऱ्या ग्रंथासाठी मनुष्याच्या हाती असलेले सर्वांत टिकाऊ द्रव्य वापरावे, यात काहींना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. एखादी गोष्ट नाशवंत आहे हे ज्याला खरोखर उमगले आहे तोच तिच्या जतनाची तजवीज करतो. त्या शिलांवरील अक्षरे मुळात सोन्याने भरलेली होती, आणि १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतल्यावर ते सोने लुटले गेले. शिला मात्र राहिल्या, आणि अक्षरेही वाचता येत राहिली, कारण अक्षर सोन्यात नव्हते, दगडात पडलेल्या खाचेत होते. भांडारासाठी मौल्यवान द्रव्य वापरले म्हणजे ग्रंथ सुरक्षित होतो, हा समज त्या प्रसंगाने कायमचा दूर व्हायला हवा होता.

रंगूनची संगीती १९५६ च्या मे महिन्यात समाप्त झाली, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. १९५४ च्या डिसेंबरात ते स्वतः रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. एकीकडे पाठशुद्धीचे एवढे मोठे कार्य पूर्ण होत असता, दुसरीकडे त्या पाठाचे लक्षावधी नवे वारस महाराष्ट्रात उभे राहावेत, आणि या वारसांपैकी बहुसंख्यांपाशी ना पाली शिकण्याची सोय, ना ग्रंथसंग्रह, अशी ती स्थिती होती. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी त्यापूर्वीच मराठी वाचकाला पाली वाङ्मयाचा मार्ग खुला करून दिला होता. विसुद्धिमग्गाची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० ची आहे. परंतु छापील ग्रंथ मोठ्या शहरांतील ग्रंथालयांतच राहिले. या दृष्टीने १९८५ मध्ये स्थापन झालेल्या, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचे कार्य मला फार मोलाचे वाटते: सहाव्या संगीतीचा पाठ, अट्ठकथा आणि टीका यांसह, त्याने देवनागरीत छापला, सीडीवर आणला, आणि पुढे तो एक्सएमएल फायलींच्या रूपाने संगणकांना वाचता येईल असा सिद्ध केला. नाशिक जिल्ह्यातल्या एका गावी मंडालेच्या शिलांचे कार्य निराळ्या द्रव्यात झाले, आणि त्याची व्हावी तेवढी चर्चा आपल्याकडे झालेली नाही.

या फायलींचे स्वरूप समजून घेतल्यावाचून भांडाराची निवड करता येत नाही. एक्सएमएल ही लेखनाची अशी एक पद्धती आहे की जीत मजकुरासोबतच त्या मजकुराच्या प्रत्येक भागाचे नाव लिहिलेले असते: येथे ग्रंथ सुरू होतो, येथे वग्ग, येथे सुत्त, हा गद्य परिच्छेद, ही गाथा, हा पाठभेद. ही नावे टॅग म्हणून कोनी कंसांत येतात. एक टॅग उघडतो, आणि त्याच्या पोटात उघडलेले सर्व टॅग मिटल्यानंतरच तो मिटतो. १९९८ च्या फेब्रुवारीत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची शिफारस प्रसिद्ध केली. ग्रंथांसाठी कोणती नावे वापरावीत याचा विचार त्याच्याही आधी, १९८७ मध्ये सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या विद्वन्मंडळाने हाती घेतला होता, आणि इगतपुरीच्या फायलींची घडण त्याच परंपरेतली आहे.

आता या फायलींत एक लहानशी पण अतिशय अर्थपूर्ण गोष्ट आढळते. मजकुराच्या मध्येच, कधी वाक्याच्या मध्येही, पृष्ठ बदलल्याच्या खुणा आहेत, आणि त्या एका नव्हे तर चार आवृत्त्यांच्या आहेत: इगतपुरीची, म्यानमारची, थायलंडची, आणि १८८१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीची. या खुणा पोकळ आहेत; त्यांच्या पोटात काही नाही. असे का करावे लागले? कारण पृष्ठ हे सुत्ताच्या पोटात मावत नाही आणि सुत्त हे पृष्ठाच्या पोटात मावत नाही. दोन्ही एकमेकांना मध्येच छेदतात. एक्सएमएलचा नियम असा की एक भाग दुसऱ्याच्या पूर्णपणे आत तरी असावा वा पूर्णपणे बाहेर तरी. तेव्हा सुत्ताला घर मिळाले, आणि चारही आवृत्त्यांच्या पृष्ठांना केवळ मैलाचे दगड होऊन राहावे लागले.

येथून तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. १९९० मध्ये स्टीव्हन डीरोझ, डेव्हिड ड्यूरँड, एली मायलोनास आणि ॲलन रेनिअर या चौघा अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की ग्रंथ म्हणजे वस्तुतः आशयघटकांची क्रमबद्ध श्रेणी होय. त्याची वृक्षासारखी रचना ही आपण त्याच्यावर लादत नाही, ती त्याच्या ठायी असतेच. पुढे परस्परांना छेदणाऱ्या अशा रचनांची उदाहरणे समोर येत गेली, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच ते मत सौम्य केले. गाथेचा चरण आणि वाक्य, पृष्ठ आणि प्रकरण, वक्त्याचे भाषण आणि परिच्छेद, यांपैकी कोणती रचना ग्रंथाची खरी? हा वाद पाश्चात्त्य विद्यापीठांत नवा म्हणून चालला, पण इगतपुरीच्या त्याच फायलींपैकी एकीत त्याचे उत्तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून पडून आहे. ब्रह्मी परंपरेने खुद्दकनिकायात समाविष्ट केलेल्या मिलिंदपञ्हात नागसेन स्थविर राजा मिलिंदाला विचारतात की तू ज्या रथातून आलास तो रथ कोणता: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, आणि यांपैकी एकही रथ नव्हे, तसा यांच्याहून निराळाही रथ नाही, हे राजाकडून कबूल करवून घेऊन ते दाखवतात की या सर्वांच्या आश्रयाने 'रथ' हा व्यवहार चालतो. सुत्ताचेही असेच आहे. ते ताडपत्रात नाही, शिलेत नाही, टॅगांच्या श्रेणीत नाही, आणि या सर्वांना वगळून कोठे अधांतरीही नाही.

संगणकाच्या पोटात शिरून पाहिले तर नागसेनांचे म्हणणे अधिकच पटते. जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठात निर्माण झालेल्या बेसएक्स या एक्सएमएल डेटाबेसचे उदाहरण घ्या. वृक्षरूप दस्तऐवज सांभाळण्यासाठीच तो बांधलेला असूनही त्याच्या साठ्यात वृक्ष नाही. प्रत्येक घटकाला दस्तऐवजातील क्रमानुसार एक अंक मिळतो, आपला जनक किती अंतरावर आहे याचा दुसरा अंक, आणि आपल्या पोटात किती घटक आहेत याचा तिसरा. आणि या अंकांचा एक सपाट तक्ता तेवढा ठेवलेला असतो. प्रश्न विचारला की त्या अंकांवरून वृक्ष क्षणभर उभा केला जातो, आणि उत्तर देऊन झाले की तो नाहीसा होतो. ज्यांना ग्रंथाची रचना ही सद्वस्तू वाटते त्यांनी, आणि ज्यांना ती निव्वळ भ्रम वाटते त्यांनीही, या व्यवस्थेचे मनन करावे. रचना खोटी नाही; ती आश्रित आहे. टॅग लावणारा संपादक हा एका अर्थी भाष्यकारच असतो, आणि भाष्याला मूळ समजण्याची चूक होऊ नये म्हणून टॅग कोणी, केव्हा, कोणत्या आवृत्तीवरून लावले याची नोंद फायलीच्या मस्तकी असावी, हा आग्रह मी याच कारणाने धरतो.

मग, रचना जर आश्रित आहे, तर तिची मातब्बरी कशाला? सगळा मजकूर सपाट ठेवून त्यात शब्द शोधला तर काय बिघडेल? येथे मला मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्त आठवते. अरिट्ठ नावाच्या भिक्षूने भगवंतांच्या उपदेशाचा विपरीत अर्थ लावला, त्या प्रसंगी सापाचा दृष्टांत येतो: साप भलत्या जागी धरला तर तो उलटून डसतो, आणि वादात जिंकण्यासाठी म्हणून धम्म पाठ करणाऱ्याचेही तसेच होते. सपाट शोधाचा धोका नेमका हा आहे. एक शब्द मागावा, त्याच्या दोन हजार ओळी याव्यात, आणि त्यांतील सोयीची ओळ उचलून सभेत फेकावी; ती ओळ भगवंतांची आहे, की त्यांनी खंडनासाठी मांडलेल्या परमताची आहे, की माराच्या तोंडची आहे, याचा त्या ओळीवरून बोध होत नाही. एक्सएमएलच्या शोधभाषेत, जिला एक्सपाथ आणि एक्सक्वेरी म्हणतात, सापडलेल्या शब्दापासून वर वर चढत जाण्याची सोय आहे: हा शब्द कोणत्या परिच्छेदात, तो परिच्छेद कोणत्या सुत्तात, ते सुत्त कोणत्या वग्गात. टॅग लावणाऱ्याने वक्त्याचे नाव नोंदले असेल तर तेही विचारता येते. महापदेशांनी सांगितलेली रुजुवात संदर्भासह वचन मिळाल्यावाचून होऊच शकत नाही, आणि म्हणून एक्सएमएलचे आकलन असलेल्या भांडाराची निवड ही मला चैनीची बाब वाटत नाही.

आता परवडण्याचा प्रश्न. मोठे व्यापारी डेटाबेस या कामास सर्वथा समर्थ आहेत, पण त्यांचे परवाने मोठ्या प्रकाशनसंस्था आणि बँका यांच्या ऐपतीला धरून आखलेले असतात. लहान संस्थेने त्या वाटेला जाऊ नये. पोस्टग्रेस हा सर्वत्र मिळणारा, विनामूल्य आणि भरवशाचा डेटाबेस; २००८ पासून त्यात एक्सएमएल मजकुरासाठी स्वतंत्र प्रकारही आहे. परंतु त्याची प्रकृती तक्त्याची. तेथे आपण कोणते प्रश्न विचारणार हे आधीच ठरवून ग्रंथाचे तुकडे रकान्यांत बसवावे लागतात, आणि ग्रंथाला उद्या कोण काय विचारील हे आज ठरवणे मला धर्मग्रंथाच्या बाबतीत अनुचित वाटते. ज्याला केवळ परिच्छेदवार शोध हवा आहे आणि जवळ पोस्टग्रेस जाणणारा मनुष्य आहे, त्याने मात्र तो खुशाल वापरावा.

उरतात दोन. वोल्फगांग मायर यांनी २००० मध्ये आरंभलेला एक्झिस्ट-डीबी, आणि वर उल्लेखिलेला बेसएक्स. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, दोन्ही जावावर चालतात, दोन्हींना परवान्याचे शुल्क नाही. एक्झिस्टमध्ये साठा, शोध आणि संकेतस्थळ ही तिन्ही कामे एकाच छपराखाली होतात; संस्कृत आणि अन्य भारतीय ग्रंथांचा सारित हा शोधसंग्रह त्याच्यावरच उभारला गेला, हे त्याच्या पात्रतेचे उत्तम प्रमाण. परंतु सर्व्हर सतत चालू ठेवणे, त्याची स्मृती आणि सुरक्षा पाहणे, आवृत्त्या बदलतील तसे सर्व काही पुनः बसवणे, यासाठी जाणता माणूस हाताशी लागतो. बेसएक्स त्या मानाने आटोपशीर आहे. एका जुन्या संगणकावर तो उतरवून घ्यावा, फायलींचे फोल्डर त्याला दाखवावे, शब्दांची अनुक्रमणी तयार करण्यास सांगावे, आणि इंटरनेट नसलेल्या गावीही शोध सुरू करावा. एका डेटाबेसमध्ये दोनशे कोटींहून अधिक घटक ठेवण्याची त्याची मर्यादा आहे. संपूर्ण तिपिटक, अट्ठकथा आणि टीका मिळून त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. लहान विहाराने, तालुक्याच्या वाचनालयाने, पाली शिकवणाऱ्या महाविद्यालयाने बेसएक्स घ्यावा. जेथे जगासाठी संकेतस्थळ चालवायचे आहे आणि माणसाच्या वेतनाची कायम तरतूद आहे तेथे एक्झिस्ट घ्यावा, असा माझा कौल आहे. रोमन लिपीतील पाठ ठेवणाऱ्याने एवढे पाहावे की अक्षरांवरील चिन्हे दुर्लक्षिण्याची सोय शोध घेताना चालू राहणार नाही. नाहीतर चित्तवाचक मन आणि अहंकारवाचक मान हे दोन्ही एकच होऊन बसतात, आणि अभिधम्माच्या अभ्यासात याहून मोठा घोटाळा दुसरा नसेल.

परवान्याचे शुल्क नाही एवढ्यावर वस्तू स्वस्त होत नाही. भांडार सोडून जाण्यास काय पडेल, हा खर्च बहुतेक लोक हिशेबात धरतच नाहीत. एकेकाळी मोठ्या आशेने सुरू झालेला अपाची झिंडिस हा एक्सएमएल डेटाबेस २०११ मध्ये अधिकृतरीत्या निवृत्त करण्यात आला. बर्कली डीबी एक्सएमएल बनवणारी संस्था २००६ मध्ये ओरॅकलने विकत घेतली. सॉफ्टवेअरचे आयुष्य दहा-वीस वर्षांचे. ज्याची परंपरा अडीच हजार वर्षांची आहे अशा पाठाने त्याच्या भरवशावर राहणे म्हणजे अविचार होय. ज्या सुत्तात सापाचा दृष्टांत आहे त्याच सुत्तात तराफ्याचाही आहे: नदी ओलांडण्यासाठी बांधलेला तराफा पैलतीरी पोहोचल्यावर डोक्यावर घेऊन चालायचा नसतो. डेटाबेसला मी त्या तराफ्याच्या जागी ठेवतो. मूळ फायली साध्या मजकुराच्या रूपात, डेटाबेसच्या बाहेर, तीन निरनिराळ्या ठिकाणी तीन निरनिराळ्या माणसांच्या हवाली असाव्यात. दुरुस्त्या त्या फायलींतच व्हाव्यात, आणि डेटाबेस दरवेळी त्यांवरून नव्याने भरावा. मग उद्या बेसएक्सही अस्तंगत झाला तर हानी एका दिवसाच्या कामाची होईल. धम्मदानाला सर्व दानांत श्रेष्ठ मानणाऱ्या परंपरेत, घेणाऱ्याला देणाऱ्याच्या यंत्राशी बांधून ठेवणारे दान हे अपुरे दान ठरते, असे मला वाटते.

एक आक्षेप येथे गंभीरपणे घेतला पाहिजे. कालामांना केलेल्या प्रसिद्ध उपदेशात, केवळ पिटकात आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, असेही भगवंतांनी सांगितले आहे. मग पिटकात शोध घेण्याचे एवढे अवडंबर कशासाठी? माझ्या मते दोन उपदेशांचे प्रश्नच निराळे आहेत. अमुक वचन भगवंतांचे आहे काय, हा महापदेशांचा प्रश्न. अमुक वचन आचरावे काय, हा कालामांचा. पहिल्याचे उत्तर भांडारात मिळू शकते आणि दुसऱ्याचे कधीही मिळणार नाही, आणि उत्तम डेटाबेस बसवणाऱ्या संस्थेने ही मर्यादा आपल्या वाचकांना स्पष्ट सांगावी. पहिला प्रश्न नीट सुटला म्हणजे दुसरा निदान खऱ्या वचनाविषयी विचारला जातो.

परंतु पहिला प्रश्नही यंत्राच्या हाती पूर्णतः सुटत नाही, आणि त्याचे कारण पाली ग्रंथांच्याच एका वैशिष्ट्यात आहे. एकच वाक्यसमूह रूपाविषयी, मग वेदनेविषयी, मग संज्ञेविषयी पुनः पुनः येतो, तेव्हा मधला भाग गाळून तेथे 'पे' एवढे अक्षर लिहितात. यास पेय्याल म्हणतात. भाणक तेथे थांबत नसे. त्याला गाळलेला भाग ठाऊक असे आणि तो म्हटला जाई. यंत्र मात्र जे लिहिले आहे तेच शोधते. पेय्यालात दडलेले वचन विचारले तर ते नाही म्हणून सांगते. संयुत्तनिकायात किती सुत्ते आहेत, या साध्या प्रश्नाचे उत्तर यामुळे एक राहिलेले नाही: अट्ठकथेच्या परंपरेत ती संख्या ७,७६२ आहे, तर लिऑन फीर यांनी पाली टेक्स्ट सोसायटीसाठी संपादिलेल्या आवृत्तीत २,८८९. पेय्याल किती विस्तारावे यावरच या गणनेचा मोठा भाग अवलंबून आहे. न लिहिलेले सुत्त आहे म्हणावे की नाही म्हणावे? म्हणणाऱ्याच्या कंठात ते होते, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते नाही, आणि दोघांच्याही हाती ग्रंथ एकच आहे. नागसेनांचा रथ येथे अधिकच अवघड वाटेने जातो, कारण आश्रय देणारे घटकच येथे अनुपस्थित आहेत, आणि तरीही संप्रदायाचा व्यवहार हजारो सुत्ते आहेत असे धरूनच चालला.

यावर व्यवहारी उपाय आहे, आणि तो स्वस्तही आहे. मूळ फायलीला हात न लावता प्रत्येक पेय्यालाचा विस्तार वेगळ्या फायलीत लिहावा, विस्तार करणाऱ्याचे नाव आणि त्याने कोणत्या ओळींच्या आधारे तो केला याची नोंद सोबत द्यावी, आणि डेटाबेसमध्ये दोन्ही फायली एकत्र भरून, सापडलेले वचन मूळ पाठातले आहे की पूरणातले, हे उत्तरात प्रत्येक वेळी दिसेल असे करावे. बेसएक्समध्ये हे एका लहानशा एक्सक्वेरीने साधते. खरे श्रम विस्ताराचे आहेत, आणि ते पालीच्या विद्यार्थ्यांनी व विहारांतील नित्य पठण करणाऱ्या उपासकांनी मिळून करावेत. कारण विद्यार्थ्याला विभक्ती कळतात आणि पठण करणाऱ्याच्या कानाला गाळलेला भाग कोठे संपतो ते कळते. प्रारंभ संयुत्तनिकायाच्या महावग्गातील गंगापेय्यालापासून व्हावा. मग्ग, बोज्झंग, सतिपट्ठान, इंद्रिय, बल अशा अनेक संयुत्तांत तो त्याच साच्याने पुनः पुनः येतो, त्यामुळे एका जागी साचा नीट बसवला की उरलेल्या जागी तो पडताळून पाहता येतो, आणि जेथे बसणार नाही तेथे चूक आपल्या विस्तारात आहे की पाठात, हे म्यानमार, थायलंड आणि लंडन येथील आवृत्त्यांच्या त्या पृष्ठखुणांवरून जाऊन पाहता येते.